हात ढिला सोडा, राणीसरकार

सोलापुरात बांगड्या विकणारे शंभर होते, बांगड्या भरणाऱ्या दहा-वीस, आणि हात न दुखवता भरणारी एकटी इमामबी, असं पाच्छा पेठेतल्या बायकांचं म्हणणं होतं. पाच्छा पेठेतल्या बायका कुठलीही गोष्ट कमी करून सांगत नाहीत, तेव्हा त्यातलं थोडं सोडून द्यावं. पण इमामबी मणियारीण शंकरप्पाच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर टोपली उतरवून बसली, की चार गल्ल्यांतल्या बायका हातातलं काम टाकून यायच्या, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

काचेच्या बांगडीला जबरदस्ती चालत नाही. बाई घाबरली की तिचा हात घाबरतो, अंगठ्याच्या बुडाशी हाड वर येतं, आणि मग तेल लावा नाहीतर साबण लावा, बांगडी तिथंच अडून बसते. रेटली तर पिचते आणि जाताना मनगटावर ओरखडा काढून जाते. तेव्हा बाईनं घाबरू नये, एवढीच काय ती विद्या. त्यासाठी इमामबीपाशी एक शब्द होता. बांगडी नेमकी त्या हाडापाशी आली की ती मान वर न करता, अगदी खरं वाटावं अशा अदबीनं म्हणायची, “हात ढिला सोडा, राणीसरकार.”

विड्या वळून बोटं काळी पडलेली बाई, कापडगिरणीत कांड्या भरणारी बाई, घरात जिला सासू ‘ए’ म्हणून हाक मारते अशी सून. अशा कुणालाही राणीसरकार म्हटलं की ती आधी दचकायची, मग हसायची. हसली की हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात बांगडी मनगटात गेलेली असायची. मायाक्का नावाची एक विड्या वळणारी बाई होती, ती तर हात पुढं करतानाच मान ताठ करून बसायची. बाकीच्या तिला हसायच्या आणि आपली पाळी आली की स्वतःही तेच करायच्या.

हा शब्द मात्र इमामबीनं एका घरातून उचलून आणला होता.

ती मूळची माळशिरसची. सतराव्या वर्षी मैनुद्दीन मणियाराशी लग्न होऊन सोलापुरात विजापूर वेशीत आली. मैनुद्दीन जत्रांतून दुकान मांडायचा आणि घरोघरचं काम त्याची आई अनवरी करायची. अनवरीनं सुनेला सहा महिने स्वतःच्याच हातांवर शिकायला लावलं. दोन्ही मनगटं चिरून निघाल्यावर मग तिला बरोबर घेऊन पहिल्यांदा गेली ती सात रस्त्याजवळच्या जहागीरदारांच्या बंगल्यावर.

मैंदर्गीच्या पलीकडं पाच गावं होती त्यांची. पाच गावांची ती जहागीर किती मोठी असणार? पण रीत सगळी मोठ्या घरची. जहागीरदारांच्या बायकोला राणीसरकार म्हणायचं, त्यांच्या सासूला आईसाहेब. राणीसरकारांना नावानं कुणी हाक मारायची नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही. माहेरी त्यांचं नाव सावित्रम्मा होतं, ते सोळाव्या वर्षी उंबऱ्याबाहेर राहिलं. आणि राणीसरकार देवापुढं, स्वामींपुढं आणि सासूपुढं सोडून कुणापुढं वाकायच्या नाहीत.

ही शेवटची रीत बांगड्यांच्या वेळी मोठी अडचणीची. कारण बांगड्या भरून झाल्या की बाईनं भरणारीला वाकून नमस्कार करायचा, ही सगळ्या मुलखाची चाल. भरणारी कोण, कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, हे तिथं कुणी विचारत नाही. मग त्या घरानं तोड काढली होती. राणीसरकार खुर्चीत बसून राहायच्या आणि त्यांच्या वतीनं त्यांची माहेरची मोलकरीण चंद्रव्वा वाकायची. अनवरी चंद्रव्वाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायची, तो राणीसरकारांना पोचला असं समजायचं.

त्या पहिल्या दिवशी इमामबी सासूमागं टोपली धरून उभी होती. राणीसरकारांचा हात ताठ झाला होता. बांगड्यांची त्यांना भीतीच वाटायची. अनवरी हळूच म्हणाली, “हात ढिला सोडा, राणीसरकार.” आणि तो हात इमामबीच्या डोळ्यांदेखत सैल पडला. पुढच्याच आठवड्यात पाच्छा पेठेत एका नव्या नवरीनं मूठ न सोडता रडून गोंधळ घातला, तेव्हा घाबरलेल्या इमामबीच्या तोंडून तेच वाक्य जसंच्या तसं निघालं. नवरी रडता रडता हसली. तिथून तो शब्द इमामबीच्या टोपलीतच राहायला आला.

सासू गेल्यावर बंगल्याचं काम इमामबीकडं आलं. दर संक्रांतीला, नागपंचमीला, दसऱ्याला ती फाटकाशी जाऊन हाळी द्यायची, चंद्रव्वा आतून हाक मारायची. राणीसरकारांचा हात तिला स्वतःच्या हातापेक्षा जास्त माहीत होता. दोन-चारचं माप, उजव्या मनगटावर लहानपणीचा भाजल्याचा डाग, पन्नाशीनंतर अंगठ्याजवळ जाड होत गेलेला सांधा. मैनुद्दीन वारला त्या वर्षी ती चार महिने कुठंच गेली नव्हती. दसऱ्याला बंगल्यावर गेली तेव्हा राणीसरकारांनी तिची रिकामी मनगटं पाहिली, आणि बांगड्या भरायला पुढं केलेल्या आपल्या हातानंच तिचा हात धरून ठेवला. त्या दिवसापासून इमामबीचा त्या बाईवर जीव होता, आणि तो तिनं कधी लपवलाही नाही.

जहागीर केव्हाच गेली. अर्धा बंगला एका कचेरीला भाड्यानं गेला. राहिली होती ती फक्त पदवी. मग एकाहत्तर सालच्या शेवटी सरकारनं राजेरजवाड्यांचे तनखे बंद केले आणि त्यांच्या पदव्याही काढून घेतल्या. जहागीरदारांना तनखा कधी नव्हताच, आणि त्या कायद्याला हे घर सोलापुरात कुठं आहे हेही ठाऊक नसणार. पण मुलगा शिवलिंगप्पा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. त्याच्यासाठी सांगून आलेल्या एका मुलीच्या घरच्यांनी ‘राणीसरकार’ ऐकून तोंडाला पदर लावलेला त्यानं पाहिला होता. पोरगा वाईट नव्हता. त्यानं दूधवाल्याला, माळ्याला, पोस्टमनला हात जोडून विनंती केली, “आजपासून आईंना नुसतं बाई म्हणत जा. लोक हसतात.” फाटकावरची पाटीही त्यानं स्वतःच उतरवली.

त्याच्या आदल्या वर्षीच राणीसरकारांच्या यजमानांना, अप्पासाहेब जहागीरदारांना, अर्धांग होऊन त्यांची वाचा गेली होती. ते दिवसभर खिडकीशी पडून असत. म्हणजे राणीसरकार म्हणणारी तोंडं उरली दोन, चंद्रव्वाचं आणि इमामबीचं.

आणि पाठोपाठ आलेल्या संक्रांतीला इमामबीकडून चूक झाली.

गड्ड्याच्या जत्रेची गडबड. तिनं दिवाणखान्यात राणीसरकारांच्या हातात सहा-सहा हिरव्या बांगड्या भरल्या. चंद्रव्वा वाकली, आशीर्वाद झाला. मग नेहमीप्रमाणं मागच्या पडवीत चंद्रव्वाच्या बांगड्या. इथं इमामबी वर्षानुवर्षं जिभेला लगाम घालून असायची. गावभर कुणालाही राणीसरकार म्हटलं तरी या घरात चंद्रव्वाला ‘अक्का’च म्हणायचं, हे तिनं स्वतःला बजावलेलं होतं. पण त्या दिवशी चंद्रव्वाचा हात सुजला होता, बांगडी हाडाशी अडली, चंद्रव्वा “यव्वा” म्हणून कळवळली, आणि इमामबीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “हात ढिला सोडा, राणीसरकार.”

चंद्रव्वा हसली नाही. ती इमामबीच्या मागं बघत होती. दारात राणीसरकार उभ्या होत्या.

“चंद्रव्वाला काय म्हणालीस?”

खोटं बोलता आलं असतं. चेष्टा केली म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण वीस वर्षं जो हात धरला, त्याच्यासमोर इमामबीला ते जमेना.

“राणीसरकार म्हनले.”

“आणखी कुणाला म्हणतेस?”

“समद्यांना.”

“समद्यांना म्हणजे?”

“हात देत्यात त्या समद्यांना. विड्यावाल्या, गिरणीवाल्या, झाडूवाल्या. तुमच्याकडनंच नेला, सरकार, मी तो शब्द. तुमचा हात सैल पडलेला बघून नेला.”

राणीसरकार इतक्या हळू बोलल्या, की चंद्रव्वाला ऐकूही गेलं नसेल.

“मला वाटत होतं, माझ्यासाठी दोन तोंडं उरली आहेत. तुझं तर सगळ्या गावाचं निघालं.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. इमामबीनं चंद्रव्वाच्या राहिलेल्या बांगड्या कशाबशा भरल्या आणि टोपली उचलली. पुढच्या वेळी हाक येणार नाही, हे तिला फाटक ओलांडतानाच कळलं होतं.

पुढचे आठ दिवस इमामबीनं तो शब्द टाकून पाहिला. चोरीचा माल परत करावा असं तिला वाटत होतं, पण परत करायचा कसा हे कळत नव्हतं, म्हणून निदान वापरायचा तरी नाही. पाच्छा पेठेत ओट्यावर बसली आणि मुकाट्यानं भरू लागली. सकाळभरात नऊ बांगड्या पिचल्या, दोघींच्या हाताला रक्त आलं. मायाक्काची पाळी आली. ती मान ताठ करून बसली, वाट बघितली, आणि बांगडी हाडाशी येताच तिनं हात मागं ओढून घेतला.

“का वं, इमामबी? रोज मी राणीसरकार, आन् आज कोनच न्हाय व्हय?”

चेष्टेनं म्हणाली, पण तिचे डोळे चेष्टेचे नव्हते. इमामबीला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, की आपण याला धंद्यातली युक्ती समजत होतो आणि या बायका दोन-दोन महिने त्याची वाट बघत होत्या. मायाक्काला दिवसभरात दुसरं कोण काय म्हणत होतं? विड्यांच्या कारखान्यात तिला तिच्या टोपलीच्या नंबरानं ओळखत. इमामबीनं तिचा हात पुन्हा धरला आणि म्हटलं, “हात ढिला सोडा, राणीसरकार.”

म्हणजे शब्द सोडताही येईना, आणि तो होता तोवर बंगल्याचं फाटक उघडेना.

महिने चालले. काचेच्या बांगड्या त्या. भांडी लावताना, नवऱ्याला कुशीवर वळवताना एकेक जायचीच. चंद्रव्वा मंगळवारच्या बाजारात भेटली की न विचारता सांगायची. अक्षय्य तृतीयेला सात राहिल्या. आषाढात चार. “दुसरीकडनं भरा म्हनलं तर ऐकत न्हाईत,” ती म्हणाली. “घरची बांगडीवाली बदलत न्हाय म्हनत्यात. पन तुला बोलव म्हनलं तर तेबी न्हाय. सोन्याच्या पाटल्या घालून बसत्यात, पन काचेचं मनगट रिकामं कसं चालंल गं? अप्पासाहेब असे अंथरुनावर.”

इमामबीला लागलं ते हे शेवटचं. रागावून एखादी बाई वर्षभर बोलली नाही, तर सोसता येतं. पण नवरा आजारी आणि बायकोचं मनगट काचेवाचून उघडं, हे आपल्यामुळं घडणार, या विचारानं तिला जेवण गोड लागेना. तिच्या रिकाम्या मनगटांवर जिनं एकदा हात ठेवला होता, तिचंच मनगट रिकामं व्हायला निघालं होतं.

ती दोनदा बंगल्याशी गेली. फाटकाबाहेर उभी राहून “बांगड्या घ्या, बांगड्याऽ” अशी हाळी दिली. दुसऱ्या वेळी आतून किणकिण ऐकू आली, अगदी थोडी, दोन-तीन बांगड्यांची. मग तीही थांबली. हाक आली नाही. न बोलावता आत जायचं नाही, हीही रीतच होती.

त्या साली पाऊस आलाच नाही. आषाढ कोरडा गेला, बायका खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागल्या, आणि तरीसुद्धा नागपंचमीच्या आदल्या सकाळी शंकरप्पाच्या ओट्यापुढं रांग लागली. कुणी चार बांगड्या भरत होत्या, कुणी दोनच. खडी फोडून हात इतके राठ झाले होते, की इमामबीला एकेका हातावर दुप्पट वेळ लागत होता.

मायाक्काच्या बांगड्या भरता भरता तिचं लक्ष गेलं. गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला होता. चंद्रव्वा उतरली, आणि तिचा हात धरून दुसरी कोणीतरी उतरली. पांढऱ्या-हिरव्या इरकलीचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, पायात चप्पल, चालणं सावकाश. वीस वर्षांत इमामबीनं राणीसरकारांना बंगल्याबाहेर पाहिलं नव्हतं. हातातली बांगडी तिनं तशीच धरून ठेवली.

त्या येऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्यांना कुणी ओळखलं नाही. पुढची एक खडी फोडणारी बाई मागं वळून म्हणाली, “कुटनं आलासा, अव्वा?”

“सात रस्त्यावरनं.”

“लांबनं आलासा की. बसा खाली, उभं ऱ्हाऊन पाय दुकत्याल. हितं लाजायचं न्हाय, हितं समद्या राणीसरकारच असत्यात.”

चंद्रव्वानं मान फिरवली. राणीसरकार क्षणभर त्या बाईकडं बघत राहिल्या, आणि मग खरंच खाली बसल्या, पिठानं पांढऱ्या झालेल्या फरशीवर.

मायाक्काचा दुसरा हात बाकी होता. शब्द न म्हणावा तर मायाक्का दुखावणार, म्हणावा तर ज्यांचा तो आहे त्या समोर बसून ऐकणार. तिनं डोळे मिटल्यासारखे केले आणि म्हटला. मायाक्कानं ऐटीत हात सैल सोडला, बांगड्या भरल्या, वाकून नमस्कार केला, इमामबीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतरच्या सहा बायकांनाही तिनं तो शब्द म्हटला, आणि सहाही वेळा राणीसरकार नजर न काढता बघत होत्या. कुणाचा हात कसा, कोण कशी हसते, हसल्यावर बोटं कशी उघडतात, सगळं.

मग त्यांची पाळी आली.

त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि हात पुढं केला. डाव्या मनगटात एकही काच नव्हती. उजव्यात एकच हिरवी बांगडी होती, आणि तिलाही बारीक चीर गेलेली. इमामबीनं हात घेतला. भाजल्याचा डाग, जाड सांधा, सगळं जागच्या जागी होतं. दोन-चारच्या मापाची बांगडी काढली, अंगठा आत दुमडला, आणि काय म्हणावं ते कळेना. गावभर वाटलेला शब्द पुन्हा यांनाच कुठल्या तोंडानं द्यायचा? तिनं काहीच म्हटलं नाही. हात ताठच राहिला. बांगडी हाडाशी आली, इमामबीनं दाबलं, आणि ती पिचली.

मनगटावर रक्ताचा बारीक थेंब आला. इमामबीनं तो स्वतःच्या पदरानं टिपला आणि दुसरी बांगडी घेतली. तीही त्याच जागी येऊन अडली.

राणीसरकार पुढं सरकून तिच्या कानाशी आल्या.

“म्हण की.”

“काय म्हनू?” इमामबीनं विचारलं.

“सगळ्यांना म्हणतेस ते.”

“तुमचं म्हून म्हनू, का समद्यांचं म्हून?”

राणीसरकारांनी मागं बसलेल्या बायकांकडं एकदा पाहिलं. मायाक्का घरी न जाता तिथंच भिंतीला टेकून उभी होती, नव्या बांगड्यांचा हात पदरावर दिसेल असा ठेवून.

“आता त्यात वेगळं काय राहिलं?” त्या म्हणाल्या. “घरी कुणी म्हणत नाही गं. चंद्रव्वा म्हणते, पण तीही पोराला भिऊन हळू म्हणते. मोठ्यानं ऐकून सात महिने झाले. म्हण.”

इमामबीनं मान खाली घातली, अंगठ्याच्या बुडाशी बोटं ठेवली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “हात ढिला सोडा, राणीसरकार.”

तो हात सैल पडला. पहिल्या दिवशी सासूच्या हातात पडला होता तसाच. बांगडी सांध्यावरून गेली, मागून दुसरी, तिसरी. डाव्यात सहा, उजव्यात सहा. चिरलेली जुनी बांगडी इमामबीनं जपून उतरवून टोपलीत ठेवली.

भरून झाल्यावर चंद्रव्वा सवयीनं पुढं आली, पदर सावरून वाकायला लागली. राणीसरकारांनी तिच्या दंडाला धरून तिला थांबवलं. मग ओट्याच्या पायरीवरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत सावकाश वाकल्या, आणि इमामबीच्या पायांना हात लावून तो कपाळाला नेला. नव्या बांगड्या वाजल्या.

आशीर्वाद द्यायचा असतो, हे इमामबी विसरूनच गेली होती. चंद्रव्वानं तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा वीस वर्षं दुसरीच्या डोक्यावर ठेवलेला हात तिनं त्या इरकलीच्या पदरावर ठेवला.

“सुखी ऱ्हावा, सावित्रम्मा,” ती म्हणाली.

आपण काय म्हणालो ते कळून ती घाबरली. पण राणीसरकार लगेच उठल्या नाहीत. तो हात डोक्यावर असेपर्यंत तशाच वाकून राहिल्या.